मेणाची वडी, रंग पिवळा

ठिकाण: शेरीफ कचेरी, डॅब्नी फोर्ड, मिझुरी. मंगळवार दिनांक १० मार्च २०१५, सकाळी सव्वानऊ. जबाब लिहून घेणार: डेप्युटी तमारा हिग्स.

मी, डॉयल ली क्रॅब्ट्री, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी टायरचं दुकान, हल्ली काही नाही, राहणार घर नंबर ४१८, जुना गिरणी रस्ता, डॅब्नी फोर्ड, समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. माझी बायको नॅडीन दिनांक २ एप्रिल २०१३ रोजी वारली. मूलबाळ नाही. आज मी कुणी बोलावलेलं नसताना स्वतःच्या पिकअप गाडीने या कचेरीत आलो. येताना गाडीच्या हौद्यात एक लाकडी खोकं आणलं आहे. त्यात बंदुकीच्या दारूचे सात डबे आणि काडतुसाच्या बुडाशी बसवायच्या टोप्यांची तीन पाकिटं आहेत. हा सगळा माल हर्शेल टॉलिव्हर याच्या मालकीचा आहे. काल सोमवारी सकाळी दहा चाळीसला हर्शेलने फोनवरून याच मालाच्या चोरीची तक्रार दिली. ती तक्रार खरी आहे. चोरी मी केली. डेप्युटी म्हणाल्या, "आधी बसा तरी, मिस्टर डॉयल." मी बसलो.

हर्शेल टॉलिव्हर, वय ७८, हा इथल्या शाळेत एकतीस वर्षं सुतारकाम आणि लोखंडकाम शिकवत होता. बायको नाही, मुलगी बाहेरगावी. चर्चच्या मागच्या टेकडीवर त्याचं घर आहे, घराच्या मागे शेड आहे. माझी त्याची ओळख १९७८ सालापासूनची. डेप्युटी हिग्स यांनाही त्यानेच शिकवलं. त्यांनी केलेलं पक्ष्याचं घर एका अंगाला इतकं कललं होतं की चिमणीसुद्धा आत जायला तयार नव्हती, हे हर्शेल अजून सांगतो. डेप्युटी म्हणाल्या, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, जबाब माझा आहे, लिहा.

मी आणि हर्शेल शिशाच्या गोळ्या घरी ओततो. शिसं माझ्या दुकानातून यायचं. चाकाचा तोल साधायला रिमला जी छोटी वजनं ठोकतात, ती जुनी झाली की मी बादलीत टाकायचो आणि बादली भरली की त्याच्याकडे न्यायचो. पण नुसती शिशाची गोळी झाडली तर शिसं नळीच्या आतल्या आट्यांना चिकटून बसतं, आणि मग गोळी वाटेल तिकडे जाते. म्हणून गोळीच्या अंगावर ज्या खाचा असतात त्यांत वंगण भरावं लागतं. बंदुकीच्या दुकानात त्याच्या तयार कांड्या मिळतात. हर्शेलच्या मते त्या विकत घेणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर वकील.

आमचं वंगण असं: दोन वाट्या मधमाश्यांचं मेण, एक वाटी मेंढीची चरबी, एक वाटी व्हॅसलीन, दोन चमचे एरंडेल. पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून हे वितळवायचं, उघड्या आचेवर कधीच नाही. केकच्या पसरट डब्यात गोळ्या ओळीने उभ्या करायच्या, खाचा बुडतील इतकंच वंगण ओतायचं आणि थिजू द्यायचं. मग बूड कापलेल्या काडतुसाची नळी दाबून एकेक गोळी काढायची, बिस्किटं कापतात तशी. यात घाई केली की खाचेतलं वंगण निघून येतं. मी घाई करतो. हर्शेल माझ्या हातातून नळी काढून घेतो आणि म्हणतो, "तू टायरच बदल."

१९७९ साली मी एक चूक केली होती. चरबी विकत कशाला आणायची म्हणून नाश्त्याचं बेकन तळून तव्यात उरलेली चरबी मी वंगणात घातली. त्या चरबीत मीठ असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आठवड्याभरात हर्शेलच्या रायफलची नळी आतून गंजली. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नॅडीन मधमाश्या पाळायची. पाचव्या दिवशी तिने त्यांच्या पोळ्यांतल्या मेणाची एक वडी कागदात गुंडाळून त्याच्या दाराशी ठेवली. सोबत चिठ्ठी लिहिली: माझा नवरा टायरवाला आहे, त्याला स्वयंपाकातलं काय कळणार. त्या दिवसापासून आमच्या वंगणात मेण नॅडीनचंच. ती छोट्या पावाच्या साच्यात वड्या पाडायची. साच्याच्या तळाला मधमाशी कोरलेली आहे, तिचा ठसा वडीवर उठतो.

एक रीत आणखी होती. कोणता घाणा कोणत्या दिवशीचा हे ओळखू यावं म्हणून हर्शेल दर घाण्यात एक मेणखडू वितळवायचा. शाळेतून उरलेल्या मेणखडूंचं एक मोठं खोकं त्याच्याकडे आहे. मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, जन्मापासून. त्यामुळे खडू निवडायचं काम माझ्याकडे कधी आलं नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून आम्ही खडू टाकणं बंद केलं. ते मी बंद करवलं. कारण विचारल्यावर सांगतो की, खडूमुळे वंगण ठिसूळ होतं.

डेप्युटींनी काल हर्शेलच्या शेडमधून एक वडी आणली होती, ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ही कुणी दिली असं विचारलं. मी सांगितलं, मी दिली, नॅडीनचं मेण आहे, हा बघा माशीचा ठसा. मग त्यांनी वडीचा रंग विचारला. पिवळा, मी म्हटलं, मधमाश्यांचं मेण आणखी कसल्या रंगाचं असणार. डेप्युटींनी वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिवळा असं लिहिलं.

आता चोरीबद्दल. गेल्या महिन्यात एके दिवशी दुपारी हर्शेल झोपलेला असताना मी त्याच्या शेडचं कुलूप तोडून आत गेलो आणि हे खोकं उचललं. डेप्युटी म्हणाल्या, "शेडला कुलूप नाहीये. मी काल पाहिलं. कडीसुद्धा नाहीये, दाराला वीट लावलेली असते." मग मी वीट सरकवून आत गेलो. कशासाठी चोरी केली असं विचारलं. विकायला. कुणाला विकलं असं विचारलं. अजून कुणाला नाही, माल समोर दिसतोय ना. डेप्युटींनी एका डब्यावरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. म्हणाल्या, "एका महिन्यात एवढी धूळ?" मी म्हटलं, माझ्या घरात झाडायला कोणी नाही.

या चोरीचा जबाब मी आजच का देतो आहे, असं विचारल्यावरून सांगतो की, हर्शेलची मुलगी मार्लिस कॅन्सस सिटीला राहते. ती शनिवारपासून इथे आली आहे. मुलगी गुणाची आहे, लहानपणापासून मला काका म्हणते, तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. येत्या गुरुवारी ती हर्शेलला स्प्रिंगफील्डच्या डॉक्टरकडे नेणार आहे. काल दुपारी तिने मला फोन केला. ती म्हणाली, "डॉयलकाका, सकाळी काय खाल्लं ते बाबा दुपारी विसरतात, तेवढं मी चालवून घेत होते. पण आता त्यांना चोर दिसायला लागलेत. त्यांनी शेरीफला फोन लावला. हे मी डॉक्टरांना सांगितलं की ते म्हणणार, यांना एकटं ठेवू नका." तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे, तिथे एक खोली तिने बघून ठेवली आहे. खोलीला मोठी खिडकी आहे म्हणे. मी विचारलं, शेड आहे का. तिने गुरुवारची वेळ पुन्हा सांगितली.

तेव्हा माझं म्हणणं असं की हर्शेलला चोर दिसले नाहीत. चोर होता. तो मी. ज्या माणसाला स्वतःच्या फळीवरून काय गेलं, किती डबे गेले, किती पाकिटं गेली हे अचूक सांगता येतं, त्याचं डोकं जागेवर आहे. हे वाक्य ठळक अक्षरात लिहावं. डेप्युटी म्हणाल्या, जबाबात ठळक अक्षर नसतं.

त्यांनी मला विचारलं, "हे एवढंच सांगायचंय?"

"एवढंच."

"आणि यावर सही करणार?"

"द्या इकडे पेन."

त्यांनी पेन दिलं नाही. टेबलाचा खण उघडून एक तपकिरी पुठ्ठ्याची वही काढली. ती मी लगेच ओळखली. हर्शेलची वंगणाची वही आहे. १९७८ पासूनचा प्रत्येक घाणा त्यात आहे, किती मेण, किती चरबी, कोणता रंग. काल वडीबरोबर ही वहीसुद्धा त्यांनी पुराव्यासाठी आणली होती. माझा सगळा जबाब ऐकून घेईपर्यंत बाईंनी तिचं नाव काढलं नाही. त्यांनी एक पान उघडून मला वाचून दाखवलं. पानावरचा मजकूर असा आहे:

"१४ ऑक्टोबर २०१२. दारूचे सात डबे, टोप्यांची तीन पाकिटं डॉयलच्या गाडीत ठेवली. मी मागेन. देऊ नये. मीच दिलं असं मला सांगूही नये. वंगण आज केलं नाही."

डेप्युटींनी पाणी आणून दिलं. मी म्हटलं, तहान नाही. मग प्यायलो.

वर चोरीबद्दल जे सांगितलं ते खोटं आहे. आता खरं सांगतो. दिनांक १३ ऑक्टोबर २०१२ रोजी, शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघं नेमबाजीच्या मैदानावर होतो. हर्शेलने घरी भरून आणलेल्या एका काडतुसात दारू दुप्पट पडली होती. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात फुटलं. त्याच्या अंगठ्याला खरचटलं, बाकी कुणाला काही झालं नाही. शेजारच्या खांबाला टेकून दोन पोरी सरबत पीत उभ्या होत्या. हर्शेल त्यांच्याकडे बघत राहिला. चौतीस वर्षांत त्याच्या हातून एक चिमूट दारू जास्त पडलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर त्याने हे खोकं स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवलं. म्हणाला, "डॉयल, हे घेऊन जा. मी मागेन. गोड बोलेन, शिव्या देईन. देऊ नकोस."

मी म्हटलं, "अरे, एकदा चुकलं माणसाचं."

तो म्हणाला, "एकदा नाही. तुला दिसलं ते एकदा. आणि मी विचारलं तर मीच दिलं असं सांगू नकोस. मला दरवेळी ते नव्याने ऐकावं लागेल."

मी बरं म्हटलं. रायफल त्याने जावयाला देऊन टाकली. म्हणजे त्या दिवसापासून हर्शेलकडे ना बंदूक आहे ना दारू. त्याच्या शेडमध्ये धोक्याचं काही नाही, हे नीट लिहून घ्यावं. शिसं वितळवायची भट्टी विजेची आहे आणि ती मी समोर असल्याशिवाय लागत नाही, कारण तिची वायर माझ्या गाडीत असते.

आजवर त्याने मला नऊ वेळा विचारलं की दारूचे डबे कुठे गेले. मी दरवेळी सांगितलं, संपले, दुकानात नवीन आले की आणू. त्यावर तो दुकानदाराला नावं ठेवतो आणि विषय संपतो. काल सकाळी त्याने दहाव्यांदा शोधले, तेव्हा मी तिथे नव्हतो. मी दाढ काढायला गेलो होतो. उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून त्याने तुम्हाला फोन लावला. दाढ आणखी एक दिवस थांबली असती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

मी आज खोटं का बोललो असं विचारल्यावरून सांगतो की, दुसरं काय करणार होतो. त्यानेच दिले असं म्हटलं तर तो विसरला हे सिद्ध होतं. माल चोरीला गेला म्हटलं तर माणूस शुद्धीवर ठरतो. मला तुरुंगात टाकलं असतं तर तिथे निदान जेवण वेळेवर मिळतं. डेप्युटी म्हणाल्या, "मिस्टर डॉयल, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कुलपाचं तर अगदीच वाईट होतं." मी म्हटलं, सवय नाही.

पुढे त्यांनी विचारलं, दारू नाही, बंदूक नाही, तर मग या माणसाने अडीच वर्षांत ओतलेल्या गोळ्या आहेत कुठे. शेडमध्ये तर चाळीससुद्धा सापडल्या नाहीत.

हे सांगायची माझी इच्छा नव्हती. हर्शेल मंगळवारी आणि शुक्रवारी गोळ्या ओततो. आठवड्याला दोनशे. त्यांना वंगण लावतो, पुठ्ठ्याच्या डब्यांत भरतो, वर तारीख घालतो. मी ते डबे नेमबाजीच्या क्लबसाठी म्हणून घेऊन जातो. त्याला सांगतो, क्लबवाले म्हणतात हर्शेलच्या गोळ्या सगळ्यांत सरळ जातात. रविवारी दुपारी मी माझ्या बंद दुकानाच्या मागे मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्या गोळ्या त्यात सोडतो. वंगण सुटून वर येतं आणि गार झालं की दुधावरच्या सायीसारखी चकती धरतं. ती काढून घेतो. शिसं पुन्हा वितळवून त्याच्या विटा पाडतो. मंगळवारी त्याच विटा बादलीत घालून घेऊन जातो आणि सांगतो, नवीन माल आला. आता चाकाची वजनं शिशाची येत नाहीत, जस्ताची येतात. दुकानही बंद आहे. पण त्याला शिसं लागतं, मग काय करणार.

मेणाचंही तसंच. नॅडीन गेली त्या वर्षी मी मधमाश्यांच्या पेट्या विकून टाकल्या. माश्या माझ्याच्याने बघवत नव्हत्या. तिच्या शेवटच्या अकरा वड्या होत्या, त्या गेल्या वर्षीच्या जानेवारीत संपल्या. दुकानातलं मेण आणून बघितलं. हर्शेलने हुंगलं आणि बाजूला ठेवलं. मग मी त्या वर आलेल्या चकत्या वितळवून, कापडातून गाळून तिच्या साच्यात ओतायला लागलो. नवीन वडी म्हणून नेऊन द्यायचो. त्यात नॅडीनचं मेण आहेच, फक्त जुनं आहे. खडू म्हणूनच बंद केले, नाही तर रंगावरून त्याला कळलं असतं. तो कधीकधी म्हणतो, "यंदा मेण जरा मऊ आहे." मी म्हणतो, माश्या आळशी झाल्यात. काही दिवशी तो विचारतो, नॅडीन आली नाही का. मी म्हणतो, घरी आहे, माश्यांचं बघतेय. तेवढा वेळ मलाही ते खरं वाटतं.

तेच शिसं आणि तेच वंगण, किती वेळा, असं डेप्युटींनी विचारलं. मोजलं नाही. शिसं शंभराच्या वर वेळा, वंगण त्याच्या निम्मं. हर्शेलला यातलं काही माहीत नाही आणि त्याला ते कळू नये, एवढी माझी विनंती आहे.

डेप्युटी हिग्स म्हणाल्या, "वहीत आणखी दोन पानं आहेत. वाचू का?" मी म्हटलं, वाचा. पहिल्या पानावरचा मजकूर असा आहे:

"९ सप्टेंबर २०१४. मेण दोन, चरबी एक, व्हॅसलीन एक, एरंडेल दोन चमचे. डॉयल बाहेर फोनवर बोलत होता तेव्हा घाण्यात तीन हिरवे मेणखडू टाकले. त्याला दिसायचं नाही."

दुसऱ्या पानावरचा मजकूर असा आहे:

"२३ सप्टेंबर २०१४. डॉयलने नॅडीनच्या मेणाची नवीन वडी आणली. गवतासारखी हिरवी. म्हणजे गाढव माझ्याच गोळ्या उकळून आणतंय. त्याला बोलायचं नाही. नॅडीन गेल्यापासून त्याला सकाळी उठून जायला दुसरी जागा नाही. मी ओतणं थांबवलं तर तो घरात बसून राहील. कंटाळा आला तरी मंगळवार आणि शुक्रवार ओतायचं. विसरलास तर हे वाच, हर्शेल. त्याला बोलायचं नाही."

डेप्युटींनी वही माझ्या हातात दिली. अक्षर हर्शेलचंच आहे, हे मी ओळखून सांगतो. वहीची बाकीची पानं कोरडी आहेत. या एका पानाचा खालचा कोपरा बोटांच्या वंगणाने इतका भिजला आहे की त्यातून मागच्या ओळी दिसतात. हे पान त्याने एकदाच वाचलेलं नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी यायच्या आधी वाचलेलं आहे. मी ती वडी पुन्हा हातात घेऊन खिडकीशी नेली. मला पिवळीच दिसली.

मार्लिस दारात उभी होती. डेप्युटींनी तिला दहा वाजता बोलावलं होतं, ती कधीपासून ऐकत होती मला माहीत नाही. तिने वही घेतली आणि उभ्याउभ्याच ते पान वाचलं. मग खुर्चीवर बसली. म्हणाली, "काका, मला का नाही सांगितलंत कधी?"

मी म्हटलं, "काय सांगू? तुझ्या बापाला मी फसवतो, हे?"

"तुम्ही दोघं एकमेकांना फसवताय आणि मी तिकडे बसून त्यांच्यासाठी खिडकी शोधतेय." तिने डोळे पुसले. "बाहेर बसलेत ते. मघापासून तीनदा घड्याळ बघितलंय. आज मंगळवार आहे म्हणतात."

मी विचारलं, "गुरुवारचं काय?"

ती म्हणाली, "गुरुवारी जायचंच आहे. डॉक्टरांना खोटं सांगणार नाही मी. ते एकटे असतात, एवढीच माझी काळजी आहे. दारू, गोळ्या, कशाचं काही नाही. एकटे असतात."

मी म्हटलं, "मग खरं ते सांग. विसरतो म्हणून सांग. आणि एकटा राहत नाही म्हणूनही सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"बीन्स येतात. मक्याचा पाव येतो. बेकन येतं."

"बेकनची चरबी फेकून द्या म्हणजे झालं," ती म्हणाली. ती गोष्ट तिलाही माहीत आहे. हे किती दिवस चालेल, हे तिने विचारलं नाही आणि मला ते सांगता आलं नसतं.

एवढ्यात हर्शेल स्वतःच टोपी हातात घेऊन आत आला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, टेबलावरच्या वडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "डॉयल, साडेदहा वाजले. इथे काय करतोयस? भट्टी तापायला अर्धा तास लागतो, वायर तुझ्या गाडीत आहे." मी सांगितलं, एक सही राहिली आहे, येतो. त्याने डेप्युटींना विचारलं, पक्ष्याचं घर अजून उभं आहे का. त्या म्हणाल्या, उभं आहे, सर, कललेलं. मग वडीकडे बोट दाखवून तो मला म्हणाला, "नॅडीनचं नवीन मेण?" मी म्हटलं, "हो, नवीन." तो म्हणाला, "छान रंग आहे." मी त्याला काही बोललो नाही. यापुढेही बोलणार नाही.

हर्शेल टॉलिव्हर याची कुठलीही चोरी झालेली नाही. खोकं त्याच्याच सांगण्यावरून माझ्याकडे होतं, ते आता या कचेरीत जमा करून घ्यावं. वही आज दुपारच्या आत शेडमधल्या तिच्या खिळ्याला परत अडकवावी आणि ते पान कुणी वाचलं असं दिसू देऊ नये, असं मी डेप्युटींना सांगितलं आहे. त्यांनी ते मान्य केलं.

डेप्युटी हिग्स यांनी हा सगळा कागद मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. मी तो ऐकला, मला समजला. मी सांगितलं तेच त्यात आहे, जे खोटं सांगितलं तेसुद्धा. वडीचा रंग दुरुस्त करायचा का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं, जबाब माझा आहे, पिवळाच राहू द्या. एक दुरुस्ती मात्र करावी. सुरुवातीला माझा पत्ता घर नंबर ४१८, जुना गिरणी रस्ता असा लिहिला आहे आणि त्याच्या खाली एकटा राहतो असं लिहिलं आहे. ते दोन्ही खोडून तिथे राहणार हर्शेल टॉलिव्हर याच्या घरी, चर्चमागची टेकडी, असं लिहावं. बाकी बरोबर आहे.

सही: डॉयल ली क्रॅब्ट्री
समक्ष: डेप्युटी टी. हिग्स